खांदा मागे निखळणे

दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या उथळ खोबणीतून पाठीमागे सरकणे. उतरलेला खांदा बहुतेक वेळा पुढेच येतो. मागे जाणारे 2 ते 4 टक्के. फिट, विजेचा झटका किंवा पुढे धरलेल्या हातावर आपटणे ही मुख्य कारणे. पहिल्या दोन्हींत सगळे स्नायू एकदम आवळतात आणि हात आत वळवणारे स्नायू अधिक ताकदवान असल्याने माथा मागे रेटला जातो. बडोद्यात उत्तरायणाला तारेवरचा पतंग सळीने काढताना झटका बसला, तर भाजलेल्या हाताबरोबर खांदाही पाहावा.

निदान पहिल्या तपासणीत सुटण्याचे प्रमाण निम्म्यापर्यंत सांगितले जाते. खांदा फारसा बेढब दिसत नाही आणि समोरून घेतलेला एक्स-रे वरवर ठीक वाटतो. हात आत वळल्यामुळे माथा विजेच्या बल्बसारखा गोल दिसतो, ही ठळक खूण. खरे तर यंत्राआधी हात बोलतो: कोपर अंगाला टेकवून तीर्थ घेतात तसा तळहात वर करायला सांगावे, रुग्णाला ते जमत नाही. फ्रेंच शल्यवैद्य मालगेन्य यांनी 1855 मध्ये असे 37 रुग्ण नोंदवले, तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला 40 वर्षे होती. आज खात्रीसाठी काखेच्या बाजूने एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात.

दांडिया बाजारातल्या माणिकरावांच्या आखाड्यामुळे बडोद्याच्या मराठी घरांना हाडे बसवून घेण्याची परंपरा परकी नाही. हा खांदा मात्र एक्स-रे पाहिल्याशिवाय कोणीच ओढू नये. खोबणीची कड माथ्यात रुतून खाच पडलेली असते; जोराने बाहेर वळवल्यास हाड मोडते. भूल देऊन, हात पुढे व आत घेऊन हलका ताण देतात आणि माथा मागून पुढे ढकलतात. नंतर नेहमीची पोटाशी बांधलेली झोळी चालत नाही. हात सरळ किंवा किंचित बाहेर वळवून 4 ते 6 आठवडे ठेवतात.

तीन आठवड्यांहून जुना खांदा सहसा शस्त्रक्रियेनेच बसतो. माथ्याचा साधारण पाव ते निम्मा भाग खचला असेल, तर जवळचा स्नायुबंध खाचेत बसवतात. अमेरिकी शल्यवैद्य मॅकलॉफ्लिन यांनी ही पद्धत 1952 मध्ये मांडली. त्याहून मोठ्या खाचेला कृत्रिम सांधा लागू शकतो. फिट येणाऱ्याचे औषध बंद पडले, तर बसवलेला खांदा पुन्हा निखळू शकतो.