कार्बोनारा किती जुना?

इटलीतल्या आपेनाइन डोंगरात लाकडाचा कोळसा पाडणारे मजूर अंडी, चीज आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून पास्ता करत, त्यावरून रोमच्या या प्रसिद्ध पास्त्याला कार्बोनारा हे नाव पडलं, असं सगळीकडे सांगतात. 'कार्बोने' म्हणजे कोळसा, एवढं खरं. पण आदा बोनी यांच्या १९३० च्या सुमारच्या रोमन पाककृतींच्या पुस्तकात कार्बोनारा सापडतच नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा रोमन पदार्थ त्यांच्या नजरेतून सुटेल, हे पटत नाही.

अंडं-चीज लावलेला पास्ता मात्र दक्षिण इटलीत जुनाच. नेपल्सच्या इप्पोलितो काव्हालकांती यांनी १९ व्या शतकात तो लिहून ठेवला आहे. त्यात डुकराचं मांस कधी आलं, याचा माग दुसऱ्या महायुद्धापाशी पोचतो. जून १९४४ मध्ये दोस्तसैन्य रोममध्ये शिरलं. १९५० साली 'ला स्ताम्पा' या दैनिकात अमेरिकी अधिकारी रोममध्ये आवडीने खातात तो पदार्थ म्हणून कार्बोनाराचं नाव येतं. पहिली छापील कृती तर १९५२ ची, आणि तीही शिकागोतली!

इटलीत १९५४ मध्ये 'ला कुचिना इतालियाना' मासिकाने दिलेली कृती आजच्या कट्टर खवय्यांना पचणार नाही: पान्चेत्ता (डुकराच्या पोटाचं खारवलेलं मांस), लसूण आणि चक्क स्विस ग्रुयेर चीज. आज अनिवार्य मानलं जाणारं ग्वान्चाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, १९६० मध्ये लुईजी कार्नाचिना यांच्या कृतीत दिसतं, पण सोबत क्रीमही आहे. क्रीम, लसूण गळून आजचं रूप पक्कं झालं ते त्यानंतर काही दशकांनी.

क्रीमचा एक उपयोग होता: अंडं लवकर फाटत नसे. पिवळं बलक साधारण ६५ अंशांपासून घट्ट होऊ लागतं, ७० च्या पुढे गुठळ्या धरतं. क्रीम नसेल तर हे काम पास्त्याच्या पिठूळ पाण्याने करायचं. चौघांसाठी ४०० ग्रॅम स्पॅगेटी, १५० ग्रॅम ग्वान्चाले, ४ बलकं, १ अख्खं अंडं, १०० ग्रॅम किसलेलं पेकोरीनो रोमानो (मेंढीच्या दुधाचं चीज) आणि भरपूर मिरी. ग्वान्चाले तेल न घालता मंद आचेवर त्याच्याच चरबीत कुरकुरीत करा. पास्ता त्या चरबीत घोळवून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मगच अंडं-चीज ओता आणि दोन-तीन चमचे पाणी घालत सतत हलवत राहा. पेकोरीनो खारट असतं, म्हणून उकळत्या पाण्यात मीठ नेहमीपेक्षा कमी.