श्रीहरिकोट्याला गुरुत्वाकर्षण कमी आहे का?

‘श्रीहरिकोट्याला गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून रॉकेट तिथूनच सोडतात’ हा मेसेज कोल्हापूरच्या ग्रुपांवर अधूनमधून फिरतो. वाटणं साहजिक आहे. पण ध्रुव आणि विषुववृत्त यांच्यातही गुरुत्वाकर्षणाचा फरक जेमतेम अर्धा टक्का. खरा फायदा पृथ्वीच्या पूर्वेकडे फिरण्याचा: पूर्वेला सोडलेल्या रॉकेटला तो वेग आयताच मिळतो, विषुववृत्तावर ताशी सुमारे १६७० किलोमीटर. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर याला अक्षांशाच्या कोसाइनने गुणून बघा. श्रीहरिकोटा (१३.७ अंश) साधारण १६२२, कोल्हापूर (१६.७ अंश) १६००. म्हणजे वेगाच्या हिशेबात पन्हाळाही चालला असता की! अडतं ते पूर्वेला. रॉकेटचे रिकामे टप्पे खाली पडतात. नकाशावर कोल्हापूरपासून उजवीकडे बोट सरकवा: मिरज, विजापूर, रायचूर. श्रीहरिकोट्यापुढे नुसता बंगालचा उपसागर. जपानच्या तानेगाशिमा या रॉकेटतळापुढे पॅसिफिक. कझाकस्तानातलं बायकोनूर तर ४६ अंशांवर, समुद्राविना. तिथे टप्पे विरळ वस्तीच्या माळांवर पडतात.