अपडेट टाकलं आणि गाडीचा पिकअप गेला: हे प्रकरण नेमकं कुठून सुरू झालं

मे २०२५ च्या सुरुवातीला चीनमध्ये शाओमीच्या एसयू७ अल्ट्रा या इलेक्ट्रिक गाड्यांना १.७.० नंबरचं सॉफ्टवेअर अपडेट आलं. ज्यांनी ते टाकलं त्यांच्या लक्षात आलं की १५४८ हॉर्सपॉवर म्हणून घेतलेली गाडी आता साधारण ९०० च देतेय. उरलेली ताकद हवी असेल तर कंपनीने ठरवून दिलेल्या रेस ट्रॅकवर जायचं, ठरलेल्या वेळेत लॅप मारून दाखवायचा, मग कुलूप उघडणार. म्हणजे पैसे पूर्ण भरलेत, गाडी तुमच्या नावावर आहे, दारात उभी आहे, आणि तिची चाळीस टक्के ताकद वापरायला तुम्ही आधी परीक्षा पास व्हायची.

मालक भडकले, आणि का भडकले ते समजून घ्यायला पाहिजे, कारण "एवढी हॉर्सपॉवर रस्त्यावर लागते कशाला" असं म्हणून हा विषय उडवून लावणारे खूप आहेत. ही गाडी विकली गेली तीच मुळात त्या आकड्यावर. तीन मोटर, ० ते १०० फक्त १.९८ सेकंदात (त्यात सुरुवातीचा एक फूट धरलेला नाही, ते छोट्या अक्षरात), ३५० चा टॉप स्पीड. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्री-बुकिंगच्या वेळी किंमत सांगितली ८,१४,९०० युआन आणि फेब्रुवारी २०२५ ला लाँच करताना शाओमीचे प्रमुख लेइ जुन यांनी ती ५,२९,९०० वर आणली, मग उड्या पडल्या. साधी एसयू७ याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळत होती, तरी लोकांनी अल्ट्रा घेतली ती त्या १५४८ साठीच. त्यात याच सुमाराला ४२,००० युआन जादा देऊन घेतलेल्या कार्बन फायबर बॉनेटवरची हवेची भोकं बरीचशी दिखाऊ आहेत असं मालकांनी स्वतः तपासून दाखवलं होतं, त्यामुळे विश्वास आधीच डळमळला होता.

कंपनीची बाजू पण खोटी नव्हती. २९ मार्चला आन्ह्वी प्रांतात एक्सप्रेसवेवर साध्या एसयू७ चा अपघात झाला, कॉलेजच्या तीन मुली गेल्या. तो विषय ड्रायव्हर असिस्टचा (गाडी चालवायला मदत करणाऱ्या यंत्रणेचा) होता, पॉवरचा नाही, पण त्यानंतर सरकारची नजर कडक झाली, एप्रिलच्या मध्यात उद्योग मंत्रालयाने कार कंपन्यांना बोलावून जाहिराती आणि ओव्हर द एअर (इंटरनेटवरून थेट गाडीत येणारे) अपडेट या दोन्हींबद्दल बजावलं. आणि साध्या लायसनवर १५०० हॉर्सपॉवर कोणाच्याही हातात देणं ही काळजी करण्यासारखीच गोष्ट आहे, मला स्वतःला ती काळजी पटते. पण ही काळजी गाडी विकायच्या आधी करायची असते. विकताना आकडा फ्लेक्सवर लावायचा आणि विकून झाल्यावर तो रात्रीत खाली आणायचा हे चालणार नाही. काही दिवसांतच शाओमीने अपडेट थांबवलं, नीट कल्पना दिली नाही हे मान्य केलं, पॉवर परत देऊ म्हणाले, पण ज्यांनी आधीच टाकलं होतं त्यांना पुढच्या व्हर्जनची वाट बघत बसावं लागलं, कारण मागच्या व्हर्जनवर स्वतःहून जायची सोयच मालकाकडे नसते.

आता हे सगळं नवीन वाटतं पण याची मुळं टेस्लात आहेत आणि चांगली बारा-तेरा वर्षं जुनी आहेत.

टेस्लाने २०१२ मध्ये मॉडेल एस आणली तेव्हाच मोबाईलसारखी घरबसल्या अपडेट होणारी गाडी ही तिची मोठी ओळख होती. लोकांना ते आवडलंही, कारण सुरुवातीला प्रत्येक अपडेटमध्ये काहीतरी मिळायचंच. काढून घेतल्याचा पहिला ठळक प्रसंग २०१३ च्या शेवटी आला. अमेरिकेत रस्त्यावर पडलेल्या लोखंडी वस्तूवरून गाडी गेली, खालून बॅटरीला मार बसला आणि आग लागली, असं दोनदा झालं. टेस्लाने काय केलं, तर अपडेट पाठवून एअर सस्पेन्शनच्या गाड्या हायवेवर आधीसारख्या खाली बसायच्या ते बंद केलं. आता खाली बसलेली गाडी हवा चांगली कापते, रेंज थोडी जास्त देते, आणि त्या सस्पेन्शनचे लोकांनी वेगळे पैसे भरले होते. कुरकुर झाली. मार्च २०१४ मध्ये खालून टायटॅनियमचं कवच बसवायला सुरुवात झाली आणि खाली बसायची सेटिंग पण परत मिळाली. पुढे वर्षानुवर्षं हाच साचा दिसतो: आगीची किंवा बिघाडाची भीती, गुपचूप अपडेट, ओरडा, मग अर्धवट किंवा पूर्ण माघार.

मग पी८५डी, म्हणजे मॉडेल एसचीच दोन मोटरांची जोरदार आवृत्ती. ऑक्टोबर २०१४ मध्ये जाहीर झाली, जाहिरातीत ६९१ हॉर्सपॉवर. मालकांनी मोजून बघितलं तर गाडी पाचशेच्या पण खालीच. कंपनीचे तेव्हाचे तांत्रिक प्रमुख जेबी स्ट्रॉबेल यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये खुलासा केला की ६९१ ही दोन मोटरांच्या क्षमतेची बेरीज आहे, बॅटरी एका वेळी तेवढा करंट देऊ शकत नाही. पुढे कंपनीने स्वतःच ४६३ चा आकडा द्यायला सुरुवात केली. नॉर्वेमध्ये १२६ मालक एकत्र येऊन भांडले आणि डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीला त्यांच्याशी तडजोड करावी लागली. इथे अपडेटने काही गेलं नव्हतं, जे सांगितलं ते मुळात मिळालंच नव्हतं, पण ईव्हीच्या पिकअपचा आकडा कशावर ठरतो हे लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणि ते इथे थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळत नाही. पेट्रोल गाडीत ताकद इंजिनात असते. ईव्हीमध्ये मोटर बहुतेक वेळा बॅटरी देऊ शकेल त्याच्यापेक्षा जास्त खाऊ शकते, त्यामुळे खरी मर्यादा येते ती बॅटरीचं व्होल्टेज, किती अँपिअर खेचायचे, सेल किती गरम झालेत, मधला फ्यूज आणि कॉन्टॅक्टर (बॅटरीचा करंट चालू-बंद करणारा मोठा स्विच) किती सहन करतील याच्यावर. आणि या सगळ्याची सीमारेषा सॉफ्टवेअरमध्ये एका आकड्याने लिहिलेली असते. जुलै २०१५ मध्ये मस्क यांनी लुडिक्रस मोड जाहीर केला तेव्हा नेमकं हेच झालं होतं. साधा वितळणारा फ्यूज काढून स्वतःची छोटी बॅटरी असलेला, करंट मोजून योग्य क्षणी स्फोटाने तुटणारा फ्यूज टाकला, कॉन्टॅक्टरला इन्कोनेल नावाचा उष्णता झेलणारा मिश्रधातू वापरला, आणि बॅटरीतून १३०० ऐवजी १५०० अँपिअर काढता आले. नव्या गाडीवर १०,००० डॉलर जादा, ० ते ६० मैल २.८ सेकंदात.

हे दोनशे अँपिअर फुकट येत नाहीत, गिअरबॉक्स, शाफ्ट, सेल सगळ्यांवर ताण येतो. २०१६ च्या शेवटी मालकांच्या लक्षात आलं की गाडी आतल्या आत मोजतेय. लाँच मोड (उभ्या गाडीतून एकदम जोरात सुटायची सोय) किती वेळा वापरला, पूर्ण एक्सलेटर किती वेळा दाबला याचा हिशोब ठेवला जातोय आणि एका मर्यादेनंतर पॉवर कायमची कमी केली जातेय. ज्यासाठी दहा हजार डॉलर घेतले तीच गोष्ट वापरली म्हणून शिक्षा! मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सगळ्यात जास्त खटकतो, कारण इथे अपघात नाही, आग नाही, सरकार नाही, फक्त वॉरंटीचा खर्च वाचवायचा हिशोब दिसतो आणि विकताना त्याचा एक शब्द सांगितलेला नाही. कंपनी म्हणाली झीज होते म्हणून केलं. मार्च २०१७ मध्ये ती मर्यादा काढून टाकली. त्याच वर्षी मे महिन्यात आणखी एक कळलं, की फास्ट चार्जिंग खूप वेळा केलं तर ९० किलोवॅट-अवरच्या बॅटरीचा चार्जिंगचा वेग पण कमी केला जातो.

सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडात इर्मा वादळ आलं तेव्हा टेस्लाने काही मॉडेल एस आणि एक्सची बॅटरी तात्पुरती मोठी करून दिली, लोकांना लांब निघून जाता यावं म्हणून. मदत चांगलीच होती. पण गाडीत ७५ किलोवॅट-अवरची बॅटरी बसवलेली असताना ६० म्हणून विकली जाते आणि कुलूप कंपनीच्या हातात असतं, हे त्या निमित्ताने जगाला दिसलं.

मग २०१९. एप्रिलमध्ये शांघायच्या एका पार्किंगमध्ये उभ्या मॉडेल एसने पेट घेतला, व्हिडिओ सगळीकडे फिरला, मे महिन्यात हाँगकाँगमध्ये पण तसंच. लगेच मॉडेल एस आणि एक्सना अपडेट गेलं, चार्जिंग आणि थर्मल सेटिंग बदलल्या एवढंच सांगितलं. ज्यांना फटका बसला त्या जुन्या गाड्यांचं कमाल व्होल्टेज खाली आलं होतं. पूर्ण चार्ज केली तरी पूर्ण भरत नाही, रेंज कमी, चार्जिंग हळू, आणि व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच करंटला पॉवर पण कमी, हा साधा गुणाकार आहे. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात केस झाली. जुलै २०२१ च्या तडजोडीत आकडे बाहेर आले: १७४३ गाड्या, साधारण तीन महिने १० टक्के कपात, पुढचे सात महिने ७ टक्के, मार्च २०२० मध्ये दुरुस्तीचं अपडेट, १५५२ गाड्यांना पूर्ण व्होल्टेज परत, ५७ जणांना बॅटरी बदलून, एकूण १५ लाख डॉलर, माणशी ६२५. नॉर्वेमध्ये याच विषयावर तीसेक मालकांना प्रत्येकी १,३६,००० क्रोनर द्या असा निर्णय २०२१ मध्ये तिथल्या तडजोड मंडळाने दिला, मुख्य कारण म्हणजे टेस्लाने वेळेत उत्तरच दिलं नव्हतं.

या प्रकरणाला लोक बॅटरीगेट म्हणतात, ते नाव ॲपलवरून आलं. जुनी बॅटरी असलेले आयफोन अपडेटनंतर मुद्दाम हळू होतात हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं आणि फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड लावला. दंड फोन हळू केल्याचा नव्हता हे लक्षात घ्या, ग्राहकाला न सांगितल्याचा होता.

दुसरीकडे कंपन्यांना कळलं होतं की पिकअप काढता येतो तसा विकता पण येतो. डिसेंबर २०१९ मध्ये टेस्लाने मॉडेल ३ साठी २००० डॉलरमध्ये ० ते ६० मैलांच्या ४.४ चे ३.९ सेकंद करून द्यायला सुरुवात केली, गाडीला हात न लावता. कॅनडातल्या एका छोट्या कंपनीने तेच काम स्वस्तात करणारं मॉड्यूल काढलं, तर २०२० मध्ये टेस्लाच्या अपडेटने ते ओळखून स्क्रीनवर इशारा द्यायला सुरुवात केली. मर्सिडीजने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत जादा पिकअपला वर्षाला १२०० डॉलर भाडं लावलं. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये आयडी.३ ची जादा २७ हॉर्सपॉवर महिन्याला साडेसोळा पाउंडला ठेवली.

नियम मागून धावतायत. संयुक्त राष्ट्रांचा आर१५६ हा सॉफ्टवेअर अपडेटचा नियम २०२१ पासून लागू झाला, युरोपात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचा. अपडेट टाकण्याआधी ते कशासाठी आहे आणि गाडीत काय बदलणार हे वापरणाऱ्याला कळवण्याची सोय हवी, असं त्यात आहे. जुन्या स्थितीवर परत जायची तरतूद आहे ती अपडेट फसलं तर. अपडेट नीट बसलं पण मालकाला पटलं नाही, तर त्यासाठी नाही. चीनमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात वेगळा रस्ता दिसतो: गाडी चालू केली की ती अशा मोडमध्ये असावी ज्यात ० ते १०० ला किमान ५ सेकंद लागतील, त्याहून जोर हवा असेल तर ड्रायव्हरने स्वतः मोड बदलायचा. शाओमीने जे मागच्या दाराने केलं त्यापेक्षा हे मला कितीतरी बरं वाटतं, कारण ताकद मालकाकडेच राहते आणि नियम सगळ्यांना आधीच माहीत असतो.

आपल्याकडे आर१५६ च्याच धर्तीवर एआयएस-१९० हे मानक आहे, वाहनांसाठीची ही एआयएस मानकं पुण्याची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था प्रसिद्ध करते, आणि चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या नव्या ईव्ही पण ओव्हर द एअर अपडेट घेतात, म्हणजे हा विषय आपल्या दारातच आहे. मालकाच्या हातात सध्या आहे तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९. वस्तू दिलेल्या हमीप्रमाणे नसेल तर त्याखाली दाद मागता येते. नॉर्वेतल्या पी८५डी मालकांचं भांडण टिकलं ते ऑर्डरच्या वेळी समोर असलेल्या त्या जाहिरातीतल्या आकड्यामुळे. त्यामुळे गाडी बुक करताना पॉवर आणि ० ते १०० चा आकडा असलेलं ब्रोशर, तारखेसकट, जपून ठेवा आणि प्रत्येक अपडेटच्या आधी स्क्रीनवर येणाऱ्या माहितीचा फोटो काढून ठेवा.