विल्स फॅक्टर

गरोदर बायकांच्या एका विशिष्ट अ‍ॅनिमियावर गुणकारी ठरलेल्या, यीस्टमधल्या तेव्हा अनोळखी असलेल्या घटकाचं हे जुनं नाव. आजचं फॉलिक अ‍ॅसिड म्हणजे हाच, असं सहसा सांगतात, ते ढोबळमानाने बरोबर आहे पण त्यात एक गोम आहे.

लूसी विल्स (१८८८–१९६४) या इंग्लिश डॉक्टर १९२८ च्या सुमारास मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. गिरणीत काम करणाऱ्या बायका बाळंतपणाच्या आसपास पांढऱ्याफटक पडायच्या, काही दगावायच्या. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान नि फिकट होतात, इथे स्लाइडवर उलटंच दिसायचं, पेशी मोठाल्या पण मोजक्या. प्रमाण सगळ्यात जास्त गरीब मुस्लिम बायकांत होतं आणि आहारही त्यांचाच सगळ्यात निकृष्ट, म्हणून विल्स यांनी तसाच आहार आधी उंदरांना, मग माकडांना देऊन पाहिला. (उंदरांचे निष्कर्ष जपूनच घ्यावेत, त्यांच्या उवांमधून बार्टोनेला या जंतूचा संसर्ग झाला असावा.) एका मरणपंथाला लागलेल्या माकडाला वैतागून मार्माइट, म्हणजे बिअरच्या यीस्टची ती काळी खारट पेस्ट, चारली आणि ते सुधारलं असं सांगतात, किस्सा थोडा रंगवलेला असू शकतो. बायकांनाही मार्माइटचा गुण आला, ते १९३१ मध्ये छापून आलं.

आता गोम. तेव्हा पर्निशियस अ‍ॅनिमियावर (बी-१२ शोषलं न गेल्याने होणारा, त्यातही पेशी मोठ्या होतात) यकृताचा अर्क देत, मग हा तोच घटक नाही कशावरून? पण शुद्ध केलेल्या अर्काने मुंबईतल्या या बायकांना फरक पडेना, कच्च्या अर्काने नि यीस्टने पडायचा. शुद्ध अर्कात असायचं ते बी-१२, आणि यीस्टमध्ये मुळात बी-१२ जवळपास नसतंच, त्यामुळे विल्स फॅक्टर म्हणजे फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड ज्या कुळातलं, ते जीवनसत्त्व) हे मत जास्त पटतं. फक्त यीस्टमधल्या फोलेटला ग्लुटामेट या अमिनो आम्लाच्या अनेक कड्यांची शेपटी असते, ती आतड्यात तुटल्यावरच ते शोषलं जातं, गोळीतल्या फॉलिक अ‍ॅसिडला ग्लुटामेट एकच, म्हणजे रसायन म्हणून दोन्ही हुबेहूब एक नाहीत. माकडांवरूनच पडलेलं 'व्हिटॅमिन एम' आणि कोंबडीच्या पिल्लांवरचं 'बीसी' ही नावंही शेवटी याच कुळात जमा झाली.

'फॉलिक' नाव १९४१ चं, टेक्सासमध्ये चार टन पालकातून हा पदार्थ वेगळा केला तेव्हाचं (लॅटिन फोलियम म्हणजे पान). १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत, येल्लाप्रगडा सुब्बाराव प्रमुख असलेल्या विभागात, तो कृत्रिमरीत्या बनला.

वापराबद्दल जास्त लिहायला नको, सरकारी दवाखान्यातली लाल गोळी सगळ्यांना माहीत आहे: ६० मिग्रॅ लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. बाळाच्या मणक्यातले दोष टाळायला फॉलिक अ‍ॅसिड गर्भ राहायच्या आधीपासून घ्यावं लागतं, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीनंतर पक्कं झालं.