बंद वेगळा, उठून जाणं वेगळं

कोणीतरी परत तेच म्हणतं, रेडिट या चर्चांच्या साइटवर २०२३ ला यूजरनी एवढा बंद केला, काय झालं, यूजर तर वाढलेच ना! अरे पण बंद आणि उठून जाणं या दोन गोष्टी एकच का धरता?

बंद आपल्याला माहीत आहे, आज शटर खाली, उद्या म्हापशाचा बाजार भरलेला. १२ जूनचं तसंच. एपीआयचे, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅपना रेडिटचा डेटा घेण्याचे, दर कंपनीने असे लावले की अपोलो या रेडिट वाचायच्या अ‍ॅपवाल्याचा हिशोब वर्षाला २ कोटी डॉलरवर गेला, मग हजारो सबरेडिट्सनी (रेडिटवरच्या विषयवार गटांनी) दार लावलं, बऱ्याच जणांनी काही दिवसांत उघडलं. ३० जूनला अपोलो बंद. एवढंच.

फुकटात काम करणाऱ्यांचं उठून जाणं मात्र यूजरच्या आकड्यात दिसतच नाही, आणि सगळे फसतात ते इथे. आमच्या गावात जत्रेच्या नाटकाला वर्षानुवर्षं प्रॉम्प्टिंग करणारे एक काका होते, तालमीला पोरं गोळा करायची तीही त्यांनीच, कमिटीने त्यांना एकदा चारचौघांत गप्प बसवलं. काका भांडले नाहीत, फक्त यायचे बंद झाले. त्या वर्षी मांडव फुल्ल होता, पुढच्या वर्षीही, फक्त नाटक बाहेरून पैसे देऊन आणलेलं, आता गावातलं एक पोर स्टेजवर नसतं. खुर्च्या मोजणाऱ्याला यातलं काय कळणार?

फ्रीनोड या चॅट नेटवर्कचं तेवढं लगेच दिसलं कारण तिथे सगळे एकदम उठले. मालकीच्या भांडणात १९ मे २०२१ ला ते फुकटात चालवणाऱ्या व्हॉलंटियर स्टाफने सामूहिक राजीनामे देऊन त्याच दिवशी लिबेरा चॅट हे नवं नेटवर्क सुरू केलं, उबुंटू, विकिमीडियासारखे प्रकल्प पाठोपाठ तिकडे. एरवी माणसं एकेक करून जातात आणि सांगतही नाहीत.

म्हणून ट्रॅफिकचा ग्राफ मला दाखवू नका, मला तो अजिबात पटत नाही. नवख्याच्या प्रश्नाला उत्तर यायला किती दिवस लागतात ते बघा, स्पॅम किती वेळ तसाच पडून असतो ते बघा, आणि तोच प्रश्न दहाव्यांदा आला तर जुन्या उत्तराची लिंक देणारं कोणी उरलंय का तेही.