खोटा-मोठा आणि खिडकीतलं मांजर

पावसाला पैशाचं आमिष दाखवणारं बडबडगीत मराठी घरात कुणाला मुद्दाम शिकवावं लागत नाही. त्यातली 'खोटा-मोठा' ही जोडी तळहात ओठांसमोर धरून म्हणून पाहा. 'खो'ला हवेचा झोत हाताला लागतो, 'टा'ला जवळपास नाहीच. 'मोठा'त उलटं : 'मो' गुपचूप, 'ठा'ला फुंकर. काटेकोरपणे पाहिलं तर हे यमक जरा लंगडंच आहे. पण दुसरीतल्या मुलांना हा खेळ द्या, अल्पप्राण-महाप्राण असे शब्दही न काढता ट आणि ठ त्यांच्या हातावर येतात.

अशा कानाचा वाचनाशी काही संबंध असतो का? ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी हे तपासलं आणि १९८३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं. चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांना ते शब्द ऐकवून वेगळा कोणता ते विचारत. आपल्याकडे पान, कान, हात, मान असं विचारावं तसं. ज्यांना तो वेगळा शब्द चटकन सापडे, ती मुलं पुढे वाचनात आणि शुद्धलेखनातही सरस निघाली. आता, गाणी म्हणणाऱ्या घरात पुस्तकंही असतातच, त्यामुळे एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. म्हणून कान कच्चा असलेली ६५ मुलं निवडून त्यांचे चार गट केले. एक गट दोन वर्षांतल्या ४० बैठकांत चित्रं आवाजानुसार जुळवत होता. दुसरा तेच करून पुढे प्लास्टिकची अक्षरंही हाताळत होता. तिसऱ्याने चित्रं अर्थानुसार जुळवली, चौथ्याला काहीच शिकवलं नाही. बाजी मारली दुसऱ्या गटाने. नुसत्या आवाजाच्या खेळाचा फायदा माफकच दिसला.

म्हणजे गाणं कानात आणि अक्षर हातात, दोन्ही एकाच वेळी हवं. 'पान'मधला प उचलून तिथे क ठेवायचा, काना जागचा हलवायचा नाही. पुठ्ठ्याचे चार तुकडे कापले की काम झालं.

हे झालं वाचनाचं. लेखनात, लिहिण्याआधी मुद्दे आखण्याचं दुखणं वेगळं आहे. कार्ल बरायटर आणि मार्लीन स्कार्डामालिया या कॅनडातल्या संशोधकांनी मुलांचं लेखन बारकाईने पाहिलं. लहान मूल आठवेल ते, आठवेल त्या क्रमाने लिहीत जातं. मग आम्ही बसमध्ये बसलो, मग डबा खाल्ला, मग घरी आलो. त्याला 'आधी मुद्दे काढ' म्हटलं, तर मुद्द्यांच्या नावाखाली ते निबंधच लिहून मोकळं होतं! यात आळस नाही. पहिली वेलांटी की दुसरी, जोडाक्षर कसं काढायचं, यातच त्या वयाची सगळी स्मरणशक्ती खर्ची पडते. पुढचं वाक्य धरून ठेवायला जागाच उरत नाही. मुद्द्यांच्या चौकटी आखलेले छापील कागद पहिली-दुसरीत वाटणं मला म्हणूनच व्यर्थ वाटतं. आखणी चित्रात करावी, तोंडी करावी. आणि चार ओळींची कविता तोंडात मावते, निबंध मावत नाही.

शेजारची सात वर्षांची मुलगी परवा कविता करायची म्हणून आली. आधी तिला चित्र काढायला लावलं. मग ती सांगत गेली, मी लिहीत गेलो :

मांजर बसलं खिडकीत
पाय घेतले पोटात
शेपूट राहिलं बाहेर
पावसात

मराठीत असं यमक स्वस्तात मिळतं. विभक्तीचा 'त' कुठल्याही नामाला चिकटतो आणि जुळल्यासारखं वाटतं. 'घरात-दारात'मध्ये निदान अख्खं 'रात' जुळतं. 'खिडकीत' आणि 'पोटात' यांचा नुसता शेवटचा त. मोठ्या माणसाची खोड जात नाही, म्हणून मी सुचवलं, "दुसरी ओळ 'शेपूट फिरलं गिरकीत' अशी केली तर?"

तिने 'खिडकीत, गिरकीत' असं दोनदा म्हणून पाहिलं. आवडलं असावं. मग चित्राकडे बघून म्हणाली, "पण काका, ते फिरत नव्हतं. नुसतं भिजत होतं."