अंगठा हलला की जागा सापडली

माझ्या मावसभावाला तीन वर्षांपासून नैराश्य आहे. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडला नाही, की डॉक्टर त्याला उपचारांना दाद न देणारं नैराश्य म्हणतात. तो त्या टप्प्यावर पोचला तेव्हा डॉक्टरांनी आरटीएमएस सुचवलं, म्हणजे डोक्यावर कॉइल धरून मेंदूला चुंबकीय ठोके देणं. संध्याकाळी मावशीचा फोन आला. "अरे, चुंबकच लावायचा असेल तर शेजारच्यांकडे ती चुंबकाची गादी आहे ना, तीच आणू की!"

मी दहावीला विज्ञान शिकवतो, आणि मावशीच्या प्रश्नाचं उत्तर दहावीच्याच पुस्तकात आहे. तारेची कॉइल गॅल्व्हानोमीटरला, म्हणजे बारीकशी वीजही काट्याने दाखवणाऱ्या यंत्राला, जोडायची. चुंबक तिच्याजवळ नुसता धरून ठेवला तर काटा ढिम्म हलत नाही. आत ढकलला की काटा एकीकडे जातो, बाहेर ओढला की दुसरीकडे, आणि जितक्या झपाट्याने हलवाल तितका लांब जातो. मायकेल फॅरडेने १८३१ साली शोधलं ते हेच: वीज निर्माण होते ती चुंबकीय क्षेत्र बदलत असताना. दरवर्षी मी हा प्रयोग करतो, आणि काटा हलला की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे येतात.

आता त्या तारेच्या जागी मेंदू आहे असं समजा. मेंदूत खारं पाणी आहे, त्यातून वीज वाहते. आरटीएमएसच्या यंत्रात कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज कॉइलमधून एकदम सोडतात. धारा काही हजार अँपिअरची, पण सेकंदाच्या दोन-तीन दशसहस्रांश भागापुरतीच. तेवढ्यात कॉइलपाशी चुंबकीय क्षेत्र शून्यावरून दीड-दोन टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चढतं आणि उतरतं. एमआरआयचा चुंबकही साधारण एवढ्याच ताकदीचा असतो. पण त्याचं मुख्य क्षेत्र स्थिर असतं, म्हणून त्यात अर्धा तास पडून राहिलं तरी मेंदूतल्या पेशी उद्दीपित होत नाहीत. इथे क्षेत्र ज्या वेगाने चढतं, त्याच वेगाने सेकंदभर चढत राहिलं तर वीस हजार टेस्लाच्या आसपास पोचेल. सगळी करामत त्या वेगाची आहे. गादीतला, कड्यातला, पट्ट्यातला चुंबक जागचा हलत नाही. त्या वस्तूंवर आजारी माणसाचे पैसे खर्च करू नका, हे मी मावशीला स्पष्टच सांगितलं.

मग सरळ वीजच का देत नाहीत? कवटी विजेला अडवते. १९८० साली लंडनमध्ये मर्टन आणि मॉर्टन या संशोधकांनी डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदू उद्दीपित केला. जमलं, पण बरीचशी वीज डोक्याच्या कातडीतच फिरत असल्याने ते दुखायचं. चुंबकीय क्षेत्राला हाड आड येत नाही. १९८५ साली शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल धरली आणि हाताचे स्नायू हलले, दुखलं मात्र नाही.

कॉइलचा आकार इंग्रजी आठसारखा असतो. दोन कड्यांतून धारा उलटसुलट फिरते, त्यामुळे मधल्या सांध्याखाली दोन्हींचा परिणाम एका दिशेने जुळतो आणि मारा तिथे एकवटतो. बदलत्या क्षेत्राने अशी निर्माण झालेली, म्हणजे प्रवर्तित, वीज चेतातंतूच्या कडेने ढकलू लागते. तंतू जिथे वळतो किंवा संपतो तिथे आवरणावरचा विद्युतभार बदलतो, सोडियम आत घेणारी दारं उघडतात आणि पेशी संदेश सोडते. थेट पोच मात्र कातडीपासून दोन-तीन सेंटीमीटरच. नैराश्यात गुंतलेले काही भाग याहून खोल आहेत. म्हणून मेंदूच्या पुढच्या भागात, डावीकडे वरच्या बाजूला ठोके देतात. तिथून निघालेल्या जोडण्या खोलवर जातात.

ही जागा शोधायची पद्धत मला फार आवडते. डॉक्टर आधी डोक्याच्या डाव्या बाजूला कॉइल थोडी थोडी सरकवत एकेक ठोका देतात. अचानक उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. अंगठा जेमतेम हलेल एवढी ताकद ही त्या माणसाची मोजपट्टी. उपचार बहुधा तिच्या १२० टक्क्यांवर करतात. जुन्या रिवाजात त्या जागेपासून पाच सेंटीमीटर पुढे सरकायचं. आता डोक्याची मापं घेऊन किंवा एमआरआय पाहून जागा ठरवतात.

अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळालेल्या पद्धतीत चार सेकंदांत ४० ठोके, मग २६ सेकंद विश्रांती, असे साडेसदतीस मिनिटांत ३,००० ठोके असतात. आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे. तीन मिनिटांत ६०० ठोक्यांची नवी पद्धत २०१८ साली कॅनडातल्या ४१४ रुग्णांच्या चाचणीत जुनीइतकीच उपयोगी ठरली.

जादूची अपेक्षा मात्र ठेवू नये. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत खऱ्या कॉइलखाली १४ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, खोट्या, म्हणजे ठोके दिल्याचं नुसतं भासवणाऱ्या, कॉइलखाली ५ टक्के. रोजच्या दवाखान्यांतले आकडे याहून बरे दिसतात, पण तिथे तुलनेला खोटी कॉइल नसते. विजेचे झटके देण्याच्या उपचारासारखी इथे भूल लागत नाही, मुद्दाम फिट आणायची नसते. आपोआप मात्र ती क्वचित येऊ शकते. डोकं दुखणं नेहमीचं. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानातलं इम्प्लांट असेल तर आधी सांगायलाच हवं.

पहिल्या दिवशी मी शेजारच्या खुर्चीवर होतो. भावाच्या कानांत बोळे होते, कारण कॉइल प्रत्येक ठोक्याला कट्‌ असा मोठा आवाज करते. सातव्या की आठव्या ठोक्याला त्याचा अंगठा उडाला. तो हाताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, हे मी नाही केलं." डोक्यावर कुणी टिचक्या मारतंय असं वाटतं म्हणाला. उद्या त्याची अकरावी बैठक आहे.